रोम पाहायचे, पण पायांना विचारून

पहिल्या परदेश सहलीची तयारी मराठी घरात दोन-तीन महिने आधीच सुरू होते. व्हिसाची कागदपत्रे, मोबाइलचे कार्ड, खाकरे, चिवडा, मेतकूट, लोणच्याची बाटली आणि ती फुटू नये म्हणून तिला गुंडाळायचा जुना टॉवेल, सगळ्याची यादी होते. बॅगेचे वजन दोनदा केले जाते. या गडबडीत एक तपासणी मात्र राहून जाते. ज्याच्या जिवावर ही सहल करायची, त्या शरीराची.

समजा, साठी ओलांडलेले एक जोडपे आहे. नोकरी संपली, मुले मार्गी लागली, आयुष्यात पहिल्यांदाच पासपोर्टवर शिक्का बसणार आहे. त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब, तिचे गुडघे दुखतात. घरी रोजचे चालणे म्हणजे सकाळी बागेत दोन फेऱ्या आणि संध्याकाळी भाजी. सहलीसाठी निवडले आहे रोम. सात टेकड्यांवर वसलेले, अडीच हजार वर्षांहून जुने शहर. अशी जोडपी हल्ली दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातून मोठ्या संख्येने युरोपला निघतात. त्यातली बहुतेक हसतखेळत परत येतात. काहींची सहल मात्र हॉटेलच्या खोलीत, तर काहींची रुग्णालयात संपते. आणि यातले बरेचसे टाळता येण्यासारखे असते.

शहर चालायला लावते

रोमचा जुना भाग बसच्या खिडकीतून पाहता येत नाही. गल्ल्या अरुंद आहेत, मोठ्या बस दूर थांबतात आणि पुढचे सगळे पायी. घरी दिवसाला तीन-चार हजार पावले चालणारा माणूस तिथे पंधरा ते वीस हजार पावले सहज चालतो, तेही सलग चार-पाच दिवस. शिवाय जमीन सपाट नाही. जुन्या रोमच्या रस्त्यांवर ‘सांपिएत्रिनी’ नावाचे काळ्या ज्वालामुखी दगडाचे छोटे चौकोनी ठोकळे बसवलेले असतात. शतकानुशतके झिजून ते गुळगुळीत झाले आहेत, मधल्या फटी खोल आहेत आणि पाऊस पडला की त्यांवरून पाय घसरतो. घोटा मुरगळणे, पडून मनगटाचे हाड मोडणे, गुडघ्याची सूज हे सारे अशाच जमिनीवर घडते. पन्नाशीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांना हा धोका जास्त.

म्हणून तयारी निघण्याच्या किमान सहा आठवडे आधी सुरू व्हायला हवी. रोजचे चालणे दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे. आठवड्यातून दोन-तीन दिवस जिने चढावेत आणि उतरावेतही, कारण दुखरा गुडघा चढण्यापेक्षा उतरताना अधिक कुरकुरतो. मांडीचे पुढचे स्नायू बळकट असतील तर गुडघ्यावरचा भार कमी होतो. खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करून दहापर्यंत मोजायचे, एवढा साधा व्यायामही कामी येतो.

बूट नवे घ्यायचे तर ते या सहा आठवड्यांच्या सुरुवातीलाच घ्यावेत आणि पायांना सवय करून द्यावी. विमानतळावर पहिल्यांदा घातलेल्या नव्या बुटांनी दुसऱ्याच दिवशी फोड येतात. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असेल तर तो फोड कळतही नाही, आणि न कळलेल्या फोडाची पुढे चिघळलेली जखम होते. मधुमेही माणसाने रोज रात्री हॉटेलवर आल्यावर पायमोजे काढून तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. स्वतःला वाकून दिसत नसेल तर जोडीदाराने पाहाव्यात. या कामाला दोन मिनिटे लागतात आणि त्याने पाय वाचतो.

विमानातले तास

मध्ये एक विमान बदलून रोमला जायचे तर घरापासून हॉटेलपर्यंत पंधरा-वीस तास सहज जातात. विमानाच्या आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावी इतकी विरळ असते. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. पण रक्तातले हिमोग्लोबिन फार कमी असेल, दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा अँजिओप्लास्टी झाली असेल, तर तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारायला हवे. तिकीट काढल्यावर विचारले की उत्तर ऐकण्याची तयारी उरत नाही.

दुसरा प्रश्न पायांतल्या रक्ताचा. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त वर हृदयाकडे ढकलतात. तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसले की हा पंप थांबतो आणि खोलवरच्या शिरेत गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतकाच असतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, कर्करोगाचे उपचार किंवा संप्रेरकांच्या गोळ्या चालू असतील, वजन फार असेल, तर त्यांनी आधी सल्ला घ्यावा. बाकीच्यांनी दर तासाभराने उठून चार पावले चालावे, बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलावेत, पाणी प्यावे. कोणीतरी सांगितले म्हणून अॅस्पिरिन घेऊ नये. विमानात फुकट मिळणारी दारू आणि झोपेची गोळी हे दोन्ही एकत्र तर मुळीच नको.

औषधे नेहमी हातातल्या बॅगेत ठेवावीत. सामानात टाकलेली बॅग दोन दिवस उशिरा आली तर रक्तदाबाची गोळी कुठून आणणार? इन्सुलिन तर सामानात टाकूच नये, कारण तिथे ते गोठून निकामी होऊ शकते. सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त पुरतील इतकी औषधे घ्यावीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ब्रँडचे नाव न लिहिता औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. आपल्याकडच्या दुकानात रोज उच्चारले जाणारे गोळीचे नाव रोमच्या औषधविक्रेत्याला कळणार नाही. मूळ नाव मात्र जगभर चालते.

घड्याळ साडेतीन तास मागे

उन्हाळ्यात रोमचे घड्याळ भारतापेक्षा साडेतीन तास मागे असते. शरीराचे घड्याळ मात्र विमानाबरोबर मागे सरकत नाही. ते दिवसाला तासाभराच्या गतीने जुळवून घेते. म्हणजे पहिले तीन-चार दिवस पहाटे चारलाच डोळे उघडणार आणि रात्री आठ-नऊला, जेव्हा भारतात मध्यरात्र होत आलेली असते, पेंग येणार. लोक या पहाटेच्या जागेपणाला कंटाळतात. खरे तर त्याचा फायदा घ्यावा. जून-जुलैत रोमला सहाच्या आत उजाडते. त्या वेळी ट्रेव्ही कारंज्यापुढे धक्काबुक्की नसते, ऊन नसते, पायही ताजे असतात. जास्तीत जास्त चालणे सकाळी उरकावे आणि ‘रात्रीचे रोम’ तिसऱ्या-चौथ्या दिवसासाठी ठेवावे.

औषधांच्या वेळांचे काय? दिवसातून एकदा घ्यायच्या रक्तदाबाच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या स्थानिक सकाळी घेतल्या तरी साडेतीन तासांनी काही बिघडत नाही. जेवणाशी बांधलेली मधुमेहाची औषधे मात्र जेवणाबरोबरच जायला हवीत, घड्याळाबरोबर नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी प्रवासाच्या दिवसाचे वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

इथे एक मुद्दा हमखास निसटतो. सहलीत गोड खाणे होईल म्हणून साखर वाढेल, अशी भीती सगळ्यांना असते. पण तिप्पट-चौपट चालणे झाले की साखर धाडकन खालीही येते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका खरा आहे. त्यात रोममधली बरीच उपाहारगृहे रात्रीचे जेवण साडेसातनंतरच वाढायला घेतात. संध्याकाळी सहाला हातपाय थरथरणे, दरदरून घाम, उगाच चिडचिड, बोलण्यात गोंधळ असे काही दिसले तर ती साखर कमी झाल्याची खूण असू शकते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेच्या पुड्या असाव्यात आणि त्या आहेत हे जोडीदाराला ठाऊक असावे.

पाणी, ऊन आणि स्वच्छतागृह

एकेकाळी रोमला जाणे हेच आजाराला आमंत्रण होते. शहराभोवतीच्या दलदलीतून येणाऱ्या तापाने कित्येक शतके प्रवासी आणि यात्रेकरू मरत. तो ताप वाईट हवेतून येतो अशी समजूत होती. ‘मलेरिया’ हा शब्द त्याच इटालियन ‘वाईट हवे’तून आला. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दाखवला आणि पुढच्याच वर्षी रोममध्ये जोव्हानी बात्तिस्ता ग्रास्सी यांनी माणसाला होणारा मलेरिया अॅनॉफिलिस डासातून पसरतो हे सिद्ध केले. आज तो मलेरिया रोममधून गेला आहे. आता तिथे जाणाऱ्या पर्यटकाला छळतात ते ऊन, तहान आणि दमणूक.

ऊन म्हटले की आपल्याकडची माणसे हसतात. जळगाव-अकोल्याच्या माणसाला रोमच्या उन्हाचे काय? पण जळगावचा माणूस मे महिन्यात दुपारी दोनला चार किलोमीटर चालत नाही. तो घरात पंख्याखाली असतो. रोममध्ये मात्र तोच माणूस भर दुपारी कोलोसियमच्या रांगेत उभा राहतो, जिथे सावली नावापुरती असते. जुलै २०२३ मध्ये रोमचा पारा चाळीस अंशांच्या पुढे गेला होता. पावसाळ्यातल्या थंड पुण्या-मुंबईतून गेलेल्या शरीराला उन्हाची सवयही उरलेली नसते. ती परत यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि सहल तेवढ्यात संपते.

पाण्याच्या बाबतीत रोमसारखे शहर विरळा. इसवी सन पूर्व १९ मध्ये बांधलेल्या ‘अॅक्वा व्हिर्गो’ या पाटाचे पाणी ट्रेव्ही कारंज्याला आजही मिळते. रस्त्यांवर ‘नासोनी’ म्हणजे ‘मोठे नाक’ नावाचे बिडाचे नळ आहेत. १८७४ पासून बसवलेले हे नळ आज अडीच हजारांच्या आसपास आहेत. त्यांतून अखंड वाहणारे पाणी थंड, पिण्यायोग्य आणि फुकट असते. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या भोकातून पाण्याची धार उडते आणि ओणवे न होता पिता येते. रिकामी बाटली जवळ ठेवली की झाले.

तरीही माणसे पाणी पीत नाहीत. विशेषतः बायका. कारण सरळ आहे. जुन्या शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहे कमी, आणि ‘बस थांबवा’ म्हणायचा संकोच. सकाळी निघताना अर्धा कप चहा आणि मग दुपारपर्यंत घोटभर पाणी, हा हिशेब भारतातही त्या करतात. परदेशात, उन्हात, दहा हजार पावलांनंतर तो महागात पडतो. लघवीचा जंतुसंसर्ग, चक्कर, पायांत गोळे हे त्याचे परिणाम. उपाय असा: कोणत्याही संग्रहालयात शिरताना आणि बाहेर पडताना, गरज वाटो न वाटो, स्वच्छतागृहात जाऊन यावे. गल्लोगल्ली असणाऱ्या कॉफीच्या ‘बार’मध्ये उभ्याने एक कॉफी प्यायली की तिथले स्वच्छतागृह वापरता येते. लघवीचा रंग गडद पिवळा झाला तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. मिठाच्या खाकऱ्या-लोणच्यावर दिवस काढणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी किंवा हृदयासाठी पाण्यावर बंधन असेल, तर उन्हात काय करायचे हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. तिथे जाऊन गोळी परस्पर बंद करू नये.

दुपारची विश्रांती हा कमीपणा नव्हे. रोममधली अनेक चर्च साडेबाराच्या सुमारास बंद होतात आणि साडेतीन-चारला उघडतात. दुपारी एक ते चारची आपल्याकडची पुणेरी शिस्त तिथल्या लोकांनाही मान्य आहे. शहरच पडदा ओढून घेते, तर पाहुण्याने उन्हात कशाला फिरावे? जेवण, हॉटेलवर पाय वर करून तासभर पडणे आणि चारनंतर पुन्हा बाहेर, हे वेळापत्रक शरीराला मानवते. हॉटेल लांब असेल तर बोर्गेझे उद्यानातल्या झाडांखालचा बाक आहेच.

छत पाहताना, घुमटावर चढताना

व्हॅटिकनच्या संग्रहालयांत दालनामागून दालने आहेत आणि सिस्टिन चॅपेल मार्गाच्या शेवटाकडे येते. तिथे पोचेपर्यंत दोन-तीन तास उभ्याने गेलेले असतात. मग मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवलेले छत पाहायला सगळे मान मागे टाकतात. साठीनंतर मानेचे मणके झिजलेले असतात, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा हळवी झालेली असते, त्यात गर्दी आणि उकाडा. मान मागे टाकताच भोवळ येणे यात नवल नाही. भिंतीलगत बाक आहेत. जागा मिळेपर्यंत थांबावे, पाठ टेकवून बसावे, थोडे पाहून मान खाली आणावी, मग पुन्हा पाहावे. तिथे फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे घाईचे कारणही नाही.

सेंट पीटर्सच्या घुमटावर जायला ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्टचे तिकीट काढले की काम झाले असे अनेकांना वाटते. लिफ्टनंतरही ३२० पायऱ्या उरतात, आणि वरचा जिना अरुंद, घुमटाच्या भिंतीबरोबर कलता जातो. मागे माणसांची रांग असते, मध्येच वळून परतणे अवघड. घरी चार मजले न थांबता चढता येत नसतील, चढताना छाती भरून येत असेल किंवा बंद जागेत जीव घाबरत असेल, तर घुमट खालूनच पाहावा. स्पॅनिश स्टेप्सवर दमून बसता येईल असेही समजू नये. तिथे बसायला २०१९ पासून मनाई आहे आणि दंड होतो. टेकायला त्याहून चांगली जागा म्हणजे कुठलेही साधे चर्च. जाड भिंती, थंडावा आणि बाक.

दिवसाला दोन मोठी ठिकाणे पुरेत. एक सकाळी, एक संध्याकाळी. ट्रेव्हीत नाणे टाकले की माणूस पुन्हा रोमला येतो, असे तिथे मानतात. राहिलेले त्या वेळी पाहता येईल.

‘ग्रुपला त्रास नको’

सहलीत सर्वांत धोकादायक गोष्ट उन्हाची नाही, पायऱ्यांचीही नाही. ती दोन वाक्यांची आहे. ‘एवढे पैसे भरून आलोय, आता खोलीत काय बसायचं?’ आणि ‘माझ्यामुळे ग्रुपला त्रास नको.’ छातीवर दाब आला तर ‘कालचं चीज बाधलं’ म्हणून पित्ताची गोळी घेतली जाते. दम लागला तर ‘चढ आहे ना’ म्हटले जाते. मधुमेहात हृदयविकाराचे दुखणे कधी कधी दुखतच नाही. नुसता घाम, मळमळ आणि विलक्षण थकवा एवढेच दिसते. चाळीस जणांची बस थांबवायच्या संकोचात मोलाचे तास निघून जातात.

म्हणून नवरा-बायकोने किंवा मैत्रिणींनी निघण्यापूर्वीच एक करार करावा. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाब, बसल्यावरही न थांबणारा दम, चेहरा वाकडा होणे, हात गळून पडणे, बोलणे अडखळणे, उन्हात बरळणे किंवा शुद्ध हरपणे, यातले काही दिसले की दुसऱ्याने न विचारता मदत मागवायची. इटलीत त्यासाठीचा क्रमांक ११२. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाला तिथे ‘प्रोंतो सोक्कोर्सो’ म्हणतात. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, त्यामुळे हॉटेलवर जाऊन पडून पाहू, हा विचार नको. साध्या तक्रारींसाठी हिरव्या क्रॉसच्या पाटीचे औषधाचे दुकान पुरेसे असते. प्रतिजैविके मात्र चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत.

परक्या गावात रुग्णालयाची भीती वाटते, पण हे शहर आजारी पाहुण्यांना नवे नाही. टायबर नदीतल्या छोट्या बेटावर प्राचीन रोमनांनी आरोग्यदेवता एस्क्युलेपियसचे मंदिर बांधले होते. त्याच बेटावर सोळाव्या शतकापासून रुग्णालय आहे. व्हॅटिकनजवळचे सांतो स्पिरितो रुग्णालय पोप तिसरे इनोसंट यांच्या काळातले, बाराव्या शतकाच्या अखेरीचे.

प्रश्न असतो खर्चाचा. शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा प्रवास-आरोग्य विमा लागतोच. पण तो बहुतेक जण व्हिसापुरता काढतात, वाचत नाहीत. आधीपासूनच्या आजारांना, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांना तो लागू आहे का, हे छोट्या अक्षरांत लिहिलेले असते. आजार लपवून काढलेला विमा ऐन वेळी उपयोगी पडत नाही. विम्याचा दूरध्वनी क्रमांक, औषधांची यादी, रक्तगट आणि अॅलर्जी एका कागदावर लिहून दोघांच्याही खिशात ठेवावी. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची नाही.

परत आल्यावर

सहल विमानतळावर संपत नाही. पायातली गुठळी प्रवासानंतर चार आठवड्यांपर्यंत त्रास देऊ शकते. एकाच पोटरीला सूज, दुखणे, लाली, किंवा अचानक दम लागणे असे काही झाले तर डॉक्टरांकडे जावे आणि ‘नुकताच विमानप्रवास केला’ हे स्वतःहून सांगावे, कारण ते विचारायचे राहून जाऊ शकते. मधुमेहींनी पाय पुन्हा नीट तपासावेत. औषधांच्या वेळा दोन-तीन दिवसांत पूर्ववत कराव्यात.

आणि निघण्यापूर्वीची सहा आठवड्यांची चालण्याची सवय लागली असेल, तर ती रोमबरोबर सोडून देऊ नये. पुढची सहल होवो न होवो, गुडघ्यांना आणि हृदयाला ती रोजच लागते.